मरणे, मारणे, मारविणे : घरातील जीवहिंसेचा विचार

घरात शिरलेल्या अथवा घरातच वाढणाऱ्या उपद्रवी जीवांस मारावे की नाही, हा प्रश्न बहुधा धर्मशास्त्राचा किंवा आरोग्यशास्त्राचा समजला जातो. या प्रश्नाचा काही भाग भाषेने आधीच उलगडून ठेवला आहे, याकडे मात्र क्वचितच लक्ष जाते. मराठीत 'मरणे' या अकर्मक क्रियापदातील स्वर दीर्घ होऊन 'मारणे' हे सकर्मक रूप सिद्ध होते. 'पडणे-पाडणे', 'तरणे-तारणे' या जोड्या याच जातीच्या होत. त्यापुढे 'मारविणे' हे प्रयोजक रूप येते. 'पायाखाली मुंगी मेली', 'त्याने मुंगी मारली' आणि 'त्याने गड्याकडून मुंगी मारविली' या तीन वाक्यांत मुंगीच्या दृष्टीने काहीच भेद नाही. भेद आहे तो माणसाच्या वाट्यास येणाऱ्या जबाबदारीत.

पहिल्या पायरीचा विचार मनुस्मृतीत 'पंचसूना' या कल्पनेने केलेला आढळतो. सूना म्हणजे वधस्थान. चूल, जाते, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा ही गृहस्थाच्या घरातील पाच वधस्थाने मानली गेली, आणि तेथे नकळत घडणाऱ्या हिंसेच्या परिमार्जनासाठी पंचमहायज्ञ सांगितले गेले. स्वयंपाक, झाडलोट आणि दळणकांडण चालू आहे तोवर जीव मरणारच, ही गोष्ट येथे मोकळेपणाने मान्य केली आहे. परंतु ती मान्य करूनही गृहस्थास पूर्ण मोकळे सोडलेले नाही. 'मरणे' अटळ असले तरी त्याची जाणीव ठेवणे हे त्याचे कर्तव्य ठरविले आहे.

दुसऱ्या पायरीचे अधिक सूक्ष्म विवेचन जैन आचारग्रंथांत मिळते. तेथे हिंसेचे चार प्रकार केले जातात. घरकामात घडते ती आरंभी, उपजीविकेच्या व्यवसायात घडते ती उद्योगी, आक्रमणापासून बचाव करताना घडते ती विरोधी, आणि मारण्याच्याच हेतूने केली जाते ती संकल्पी. गृहस्थाने संकल्पी हिंसा संपूर्ण टाकावी. उरलेल्या तिन्ही त्यास सर्वस्वी टाळता येत नाहीत, म्हणून त्या शक्य तितक्या कमी कराव्यात, असा हा विवेक आहे. पाळण्याजवळ आलेला विंचू मारणे आणि कुंपणाबाहेरील दगडाखालचा विंचू शोधून काढून मारणे या दोहोंसाठी मराठीत क्रियापद एकच असले, तरी या विवेकानुसार त्या दोन भिन्न कृती होत.

तिसरी पायरी 'मारविणे' ही होय. योगसूत्रांत आणि जैन परंपरेतही हिंसेचा विचार करताना स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करविलेली आणि नुसती संमती दिलेली, म्हणजे कृत, कारित आणि अनुमोदित, असा भेद केलेला आहे. या भेदाचे महत्त्व समजण्यास रत्नागिरी जिल्ह्याचा इतिहास उपयोगी पडतो. येथील जांभ्याच्या कातळावर, दगडांच्या सांदीत आणि गडग्यांत फुरसे हा लहानसा पण अत्यंत विषारी साप पूर्वीपासून विपुल आहे. त्याच्या नाशासाठी एकोणिसाव्या शतकात सरकारने इनाम लावले होते. १८६२ सालच्या डिसेंबरात दर सापामागे दोन आणे मिळत असता केवळ आठ दिवसांत १,१५,९२१ फुरशी मारून आणली गेल्याची नोंद आहे. १८७८ अखेरच्या सहा वर्षांत मारलेल्या सापांची सरासरी दरसाल २,२५,७२१ इतकी होती.

यातील पहिल्या आकड्याचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. आठ दिवसांत सव्वा लाखाच्या आसपास साप घरांच्या पडव्यांत शिरले नव्हते; माणसेच त्यांच्या शोधार्थ कातळावर गेली होती. पडवीतील फुरसे मारणे ही विरोधी हिंसा होती. इनामाने तिचे रूपांतर उद्योगी हिंसेत केले, आणि दोन आण्यांची गरज असलेल्या माणसाच्या हाती काठी दिली. मारणाऱ्याच्या अंगी क्रौर्य होते असे मानण्याचे कारण नाही. दारिद्र्य मात्र निश्चित होते. दंशाचा धोका त्याने पत्करला, साप त्याने मारला, आणि 'मारविणारा' कागदावर केवळ रकमेच्या रूपाने उरला.

तथापि सरकारपुढे दुसरा मार्ग होता काय, असा आक्षेप घेता येईल, आणि तो हलका नाही. फुरशाच्या दंशाने माणसे दगावत होती आणि त्यावर खात्रीचा उपाय त्या काळी नव्हता. आज प्रतिविष उपलब्ध आहे. भारतात तयार होणारे बहुगुणी प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर चालते. ज्ञान वाढले की 'नाइलाज' या शब्दाचे क्षेत्र आकुंचन पावते, आणि कालची क्षम्य हिंसा आज तितकीशी क्षम्य राहात नाही. फुरसे स्वतः विंचू व उंदीर खाते, ही गोष्टही या हिशेबात धरली पाहिजे.

याउलट, न मारण्याचेही मोल असते. १८९६ साली मुंबईत प्लेग उद्भवला, आणि १८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्याने त्याचा प्रसार उंदरांवरील पिसवांमार्फत होतो हे दाखवून दिले. कोकणच्या पावसाळ्यात उंदरांच्या मूत्रातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस आजही माणसांचे प्राण घेतो. तेव्हा उंदरावर दया करणाऱ्या गृहस्थाने त्या दयेचा भार शेतात अनवाणी राबणाऱ्या मजुरावर पडत नाही ना, हे पाहिलेच पाहिजे.

कायद्याच्या भाषेतही हा ताण उमटलेला आहे. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याच्या व्याख्येनुसार मनुष्येतर कोणताही सजीव हा 'प्राणी' होय. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मात्र उंदरास उपद्रवी जीवांच्या अनुसूचीत घातले होते. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूची गेली. एकच उंदीर एका कायद्यात क्लेशांपासून रक्षणीय, तर दुसऱ्यात दीर्घकाळ रक्षणाबाहेर राहिला.

आजच्या घरात 'मारविणे' फार सोपे झाले आहे. औषध फवारणारा माणूस फोन केल्यावर येतो. विषारी वडी कोपऱ्यात ठेवून घरची मंडळी गावी जातात. परतल्यावर 'माळ्यावर उंदीर मेला' असे म्हटले जाते. व्याकरणदृष्ट्या हे वाक्य निर्दोष आहे. परंतु विष ठेवणारा कर्ता त्यातून नाहीसा झालेला असतो. पंचसूनेच्या नकळत घडणाऱ्या हिंसेसाठी असलेले अकर्मक क्रियापद हेतुपुरस्सर केलेल्या कृतीसाठी वापरले जाते, ते असे.

यावरून गृहस्थापुरता एक क्रम सांगता येईल. धान्य झाकून ठेवणे, भिंतींच्या फटी बुजविणे, अंगणातील दगडांचे ढीग हलविणे आणि रात्री दिवा घेऊन चालणे हे आधी करावे. त्याने मारण्याचा प्रसंगच कमी होतो. प्रसंग आलाच तर जीव लवकर जाईल असा उपाय योजावा. आणि दुसऱ्याकडून करविले असेल, तर 'मेला' असे न म्हणता 'मारविला' असे म्हणावे. असे म्हणणाऱ्याच्या मनात पुढच्या वेळी वडी ठेवण्यापूर्वी फट बुजविण्याचा विचार येण्याचा संभव अधिक आहे.