वाशिम जिल्ह्यातील आपत्ती पूर्वतयारी

वाशिम जिल्ह्यातील आपत्ती पूर्वतयारी म्हणजे पूर, अतिवृष्टी, दुष्काळ, गारपीट आणि वीज कोसळणे यांमुळे होणारी हानी कमी करण्यासाठी आगाऊ केलेली व्यवस्था होय. संशोधन, माहितीचे प्रसारण आणि प्रशिक्षण ही तिची प्रमुख अंगे आहेत.

पार्श्वभूमी

अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन १ जुलै १९९८ रोजी वाशिम जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या सुमारे १२ लाख असून ८० टक्क्यांहून अधिक लोक ग्रामीण भागात राहतात. पैनगंगेच्या काठावरील रिसोड व वाशिम तालुक्यांतील शेतांना पुराचा धोका असतो. पुराचे क्षेत्र मात्र बहुधा ठाऊक असते. विजेचे तसे नाही. जूनमधील पेरणी आणि परतीच्या पावसातील सोयाबीनची सोंगणी ही दोन्ही कामे गडगडाटी पावसाच्या दिवसांतच येतात. आभाळ भरून येताच सुडीवर ताडपत्री टाकण्यासाठी माणसे शेताकडे धावतात, आणि धोकाही नेमका तेव्हाच सर्वाधिक असतो.

कायदेशीर रचना

आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ नुसार जिल्हाधिकारी हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. जिल्हा आराखड्याचा दरवर्षी आढावा घेणे, लोकांना प्रशिक्षण देणे व पूर्वसूचना पोहोचविणे ही प्राधिकरणाची कर्तव्ये होत.

संशोधन आणि पूर्वसूचना

विदर्भासाठीचे जिल्हानिहाय अंदाज व अल्पकालीन इशारे भारतीय हवामानशास्त्र विभागाचे नागपूर येथील प्रादेशिक केंद्र देते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विजेची नोंद घेणाऱ्या संवेदकांचे जाळे उभारले असून त्यावर आधारित 'दामिनी' हे भ्रमणध्वनी ॲप वापरणाऱ्याच्या परिसरातील विजांची माहिती देते. तथापि, शेतात भ्रमणध्वनी जवळ नसेल किंवा संपर्क मिळत नसेल, तर अचूक इशाराही निरुपयोगी ठरतो. अशा वेळी ध्वनिक्षेपकावरून सूचना देणारे गावातील कोतवाल, पोलीस पाटील किंवा ग्रामपंचायत कर्मचारी हाच साखळीचा शेवटचा दुवा असतो.

प्रशिक्षणातील मुख्य बाबी

वीज चमकणे आणि गडगडाट ऐकू येणे यांत ३० सेकंद किंवा त्याहून कमी अंतर असल्यास वीज सुमारे १० किलोमीटरच्या आत असते. तेव्हा काम थांबवून पक्क्या इमारतीत जावे. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे बाहेर पडू नये. एकाकी झाडाखालचा आसरा अत्यंत घातक असतो. आसरा नसल्यास पाय जवळ घेऊन उकिडवे बसावे, जमिनीवर आडवे होऊ नये. हा शेवटचा उपाय असून त्याने धोका केवळ कमी होतो.

पायाळू माणसावर वीज पडते, या समजाला शास्त्रीय आधार नाही. वीज पडलेल्या व्यक्तीच्या शरीरात विद्युतभार साठून राहत नाही. तिला स्पर्श करणे सुरक्षित असते. श्वास व नाडी थांबली असल्यास तत्काळ छातीदाब व कृत्रिम श्वास दिल्याने प्राण वाचू शकतात. रुग्णवाहिकेसाठी १०८, तर जिल्हा नियंत्रण कक्षासाठी १०७७ हा क्रमांक आहे.