फिरणारे चाक आणि थांबलेली गाडी

अंबरनाथच्या मोरिवली औद्योगिक वसाहतीत पावसाळ्यात एक देखावा हमखास पाहायला मिळतो. मालाने भरलेला टेम्पो रस्त्याच्या कडेला उतरतो आणि त्याचे मागचे एक चाक चिखलात जाते. चालक ॲक्सिलरेटर दाबतो. चिखलातले चाक गरगर फिरते, पण डांबरावरचे दुसरे चाक ढिम्म हलत नाही. बघणारे म्हणतात, "इंजिनाची ताकद कमी पडली." आपले विद्यार्थीही बहुधा हेच उत्तर देतील, पण ते चूक आहे. ताकद भरपूर आहे. ती कोरड्या चाकापर्यंत पोचत नाही, एवढेच. ती का पोचत नाही आणि पोचवण्यासाठी काय करतात, ते पाहू या.

सुरुवात वळणापासून करू. शाळेच्या पटांगणात दोरी आणि खडूच्या साह्याने एकाच केंद्राभोवती दोन पाव वर्तुळे काढा. एकाची त्रिज्या ५.२५ मीटर आणि दुसऱ्याची ६.७५ मीटर घ्या. दीड मीटर अंतरावर असलेल्या दोन चाकांचे हे मार्ग झाले. मोजल्यास आतला मार्ग सुमारे ८.२५ मीटर आणि बाहेरचा १०.६ मीटर भरेल. म्हणजे एका काटकोनी वळणात बाहेरच्या चाकाला सुमारे २.३५ मीटर जास्त धावावे लागते. दोन्ही चाके एकाच दांड्याला घट्ट जखडली, तर त्यांतले एक तरी रस्त्यावर घासणारच.

ही अडचण डिफरन्शियल दूर करते. इंग्लंडमध्ये जेम्स स्टार्ली यांनी १८७७ साली तीनचाकी सायकलींसाठी ते वापरले. आपल्या रिक्षाच्या मागच्या दोन चाकांमध्येही ते असते. त्यातील दंतचक्रांच्या रचनेमुळे दोन्ही चाकांचे वेग वेगळे राहू शकतात, पण फिरवणारे बल, म्हणजे टॉर्क, दोघांना सारखेच मिळते. सगळी गोम या 'सारखेच'मध्ये आहे.

वर्गात एक प्रयोग करून दाखवता येईल. एका कप्पीवरून दोरी घ्या. दोरीच्या एका टोकाला वीट आणि दुसऱ्या टोकाला खोडरबर बांधून दोन्ही जमिनीवर ठेवा. आता कप्पी वर उचला. वीट जागची हलत नाही आणि खोडरबर मात्र झरझर वर येतो. कप्पी एक वीत उचलली, तर खोडरबर दोन वीत चढतो. दोरीतला ताण दोन्ही बाजूंना सारखा असल्याने खोडरबर उचलण्यापुरताच ताण विटेच्या वाट्याला येतो. वीट म्हणजे डांबरावरचे चाक, खोडरबर म्हणजे चिखलातले चाक. चिखल जेवढा विरोध करू शकतो, तेवढेच बल कोरड्या चाकालाही मिळते. आता दोरी कप्पीवर चिमटीत घट्ट धरून पुन्हा उचला. वीट उचलली जाते! ही चिमूट म्हणजेच डिफरन्शियल लॉक. लॉकमुळे इंजिनाची ताकद वाढत नाही. दोन्ही चाकांचे वेग एक होतात आणि ज्या चाकाची पकड चांगली, त्याला जास्त बल घेता येते.

चारही चाकांना शक्ती देणाऱ्या गाडीत हा प्रश्न तिप्पट होतो. १९८५ साली मेलबर्नला रवी शास्त्री यांना बक्षीस मिळालेली ऑडी अनेकांना आठवत असेल. त्याच कंपनीने १९८० साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात 'क्वाट्रो' ही वेगवान गाडी मांडली. इटालियनमध्ये क्वाट्रो म्हणजे चार. मिशेल मूटाँ या फ्रेंच महिलेने १९८१ साली सान रेमोची रॅली जिंकली, ती याच गाडीतून. जागतिक रॅली स्पर्धेतील फेरी जिंकणारी ती पहिली महिला.

क्वाट्रोत तीन डिफरन्शियल होती : पुढच्या दोन चाकांमध्ये एक, मागच्या दोनांमध्ये एक आणि पुढच्या-मागच्या जोड्यांमध्ये तिसरे. वळताना पुढची चाके मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळावरून जातात, म्हणून हे तिसरे. तिन्ही मोकळी असली, तर एक चाक घसरताच चारही चाकांचे बल जाते. म्हणून मधले आणि मागचे डिफरन्शियल लॉक करण्याची सोय चालकाच्या हाताशी दिली होती. पुढचे मोकळेच ठेवले होते, कारण गाडी वळवायची ती पुढच्या चाकांनी.

लॉक वापरण्याचे नियम वरच्या प्रयोगातूनच निघतात. लॉक लावायचा तो चिखल, वाळू किंवा बर्फ यांवर, आणि तेही अडकण्याआधी, अगदी कमी वेगात. आधी मधला लावावा. गरज भासली तरच मागचा. चाक गरगर फिरत असताना लॉक लावू नये, कारण वेगवेगळ्या वेगाने फिरणारे भाग एकमेकांत अडकताना दाते मोडतात. घट्ट रस्ता लागताच लॉक काढावा. कोरड्या डांबरावर लॉक ठेवून वळल्यास चाके घासतात, दांड्यांवर पीळ चढतो आणि गाडी वळण्याऐवजी सरळ जाऊ पाहते. घाटातल्या वळणावर याचा अर्थ काय होतो, ते सांगायला नको. नंतरच्या क्वाट्रोंमध्ये लॉक लागला की अँटिलॉक ब्रेक बंद होत, कारण जखडलेल्या चाकांचे वेग वेगवेगळे आवरता येत नाहीत.

जुन्या गाडीत आणखी एक सावधगिरी हवी. कळ फिरवली म्हणजे लॉक सुटला, असे नाही. पीळ चढलेले दाते एकमेकांत रुतून राहतात. थोडे सरळ जावे किंवा किंचित मागे घ्यावे, सूचक दिवा विझू द्यावा आणि मगच वळावे.

ही गाडी आपल्या विद्यार्थ्यांनी पाहिली नसेल, पण भाताच्या खाचरात चिखलणी करणारा ट्रॅक्टर त्यांनी नक्की पाहिला आहे. चालकाच्या पायाशी असलेला डिफरन्शियल लॉकचा पेडल तेच काम करतो. चाक फिरू लागले की जाणता चालक आधी गती कमी करतो, मग पेडल दाबतो आणि बांधाशी वळण्यापूर्वी पाय काढून घेतो. त्याला "पाय का काढलात?" असे विचारायला मुलांना सांगा. "नाहीतर वळत नाही," असे तो म्हणेल. त्या तीन शब्दांमागचे गणित मुलांनी पटांगणात खडूने आखून दाखवले, तर हा धडा त्यांना समजला असे आम्ही म्हणू.