दिवाळीची पार्टी, डीलरची सहल आणि कराचा हिशेब

दिवाळीच्या आधीचे दिवस छोट्या कारखानदाराच्या खर्चाचे. कामगारांना मिठाई आणि भेटवस्तू, ठेकेदारांना जेवण, वर्षभर चांगला माल उचलणाऱ्या डीलरना सहल. ही सगळी बिलं बहुतेक ठिकाणी ‘स्टाफ वेलफेअर’ या एकाच खात्यात टाकली जातात. हिशेब सीएकडे जातो तोवर कोण जेवलं आणि कोणाला काय दिलं, हे कोणालाच आठवत नाही. पण एकाच बिलाबद्दल कायदा तीन वेगवेगळे प्रश्न विचारतो. हा खर्च नफ्यातून वजा होईल का? त्यावरच्या जीएसटीचं क्रेडिट मिळेल का? आणि ज्याला लाभ मिळाला, त्याच्या उत्पन्नात तो धरायचा का? एकाचं उत्तर ‘हो’ आलं म्हणून बाकीच्या दोघांचंही ‘हो’च येतं असं नाही. बहुतेक गैरसमज इथूनच जन्माला येतात.

पाहुणचाराचा खर्च आयकरात ठरावीक मर्यादेपर्यंतच चालतो, असं जुन्याजाणत्या हिशेबनिसांकडून अजूनही ऐकायला मिळतं. तशी मर्यादा खरोखरच होती, पण ती १ एप्रिल १९९८ पासून कायद्यातून निघाली. मध्यंतरी २००५ ते २००९ या काळात फ्रिंज बेनिफिट टॅक्स होता, तोही गेला. आज कसोटी एवढीच, की खर्च पूर्णपणे आणि केवळ धंद्यासाठी झालेला हवा. मुलीच्या लग्नाला सगळे ग्राहक आले होते म्हणून हॉलचं भाडं धंद्याच्या खात्यात टाकता येत नाही. कायद्याने मनाई असलेला खर्चही बाद होतो. औषध कंपन्यांनी डॉक्टरांना दिलेल्या भेटी आणि सहली वजा होणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये अपेक्स लॅबोरेटरीज प्रकरणात स्पष्ट केलं. आणि केटररला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली, तर खर्च कितीही खरा असला तरी तो नफ्यातून वजा होत नाही. त्याच दिवशी दोन पावत्या करून उपयोग नाही, कारण बेरीज माणसागणिक आणि दिवसागणिक धरतात.

जीएसटीचं गणित वेगळं. समजा, हॉटेलच्या हॉलमधल्या जेवणाचं बिल एक लाख आणि त्यावर १८ टक्क्यांनी १८,००० रुपये जीएसटी. बिलावर कंपनीचा जीएसटी क्रमांक आहे, म्हणजे क्रेडिट मिळालंच, असं समजून अनेक जण ते घेऊन मोकळे होतात. पण खाणंपिणं, केटरिंग आणि क्लबची वर्गणी यांवरचं क्रेडिट कायद्याने अडवलेलं आहे. कामगारांना जेवण पुरवणं दुसऱ्या एखाद्या कायद्यानेच सक्तीचं असेल, उदाहरणार्थ कारखान्याचं कँटीन, तर सूट आहे. दिवाळीची पार्टी त्यात बसत नाही. मात्र हे १८,००० बुडत नाहीत. क्रेडिट घेतलं नाही, तर ते खर्चाचाच भाग होऊन आयकरात वजा होतात. क्रेडिट चुकून घेऊन वापरलं, तर मात्र ते व्याजासह परत करण्याची पाळी येते.

सगळ्यात जास्त गोंधळ आहे तो ५०,००० या आकड्याचा. ‘पन्नास हजारांपर्यंतची भेट करमुक्त असते’ हे वाक्य मालकही बोलतात आणि कामगारही. हा आकडा दोन कायद्यांत आहे. नातेवाईक नसलेल्या माणसाकडून वर्षभरात मिळालेल्या भेटी ५०,००० च्या आत असतील, तर आयकर लागत नाही. जीएसटीतही मालकाने एका कर्मचाऱ्याला वर्षाला ५०,००० पर्यंत दिलेली भेट हा पुरवठा मानला जात नाही. पण कर्मचाऱ्याला मालकाकडून मिळालेली भेट आयकराच्या नजरेत पगाराचाच भाग असते आणि तिची मर्यादा निराळी. २०२५-२६ च्या हिशेबात वर्षभरातल्या वस्तू आणि व्हाउचर मिळून ती ५,००० रुपये आहे. रोख पाकिटाला ही सूट नाही, आणि दिवाळीचा बोनस तर सरळ पगारच. मिक्सर दिला तर चालतो, पाकीट दिलं तर कर लागतो, हे कामगाराला आधी सांगितलं पाहिजे. नंतर फॉर्म १६ मध्ये आकडा दिसला की त्याला फसवल्यासारखं वाटतं, आणि ते स्वाभाविक आहे.

ठेकेदार, सल्लागार, डीलर हे ‘आपलीच माणसं’ असली तरी कर्मचारी नव्हेत. त्यांच्यासाठी १ जुलै २०२२ पासून कलम १९४आर आलं. धंद्याच्या संबंधातून कोणाला वर्षभरात २०,००० रुपयांपेक्षा जास्त लाभ दिला, तर १० टक्के टीडीएस, तोही २०,००० च्या वरच्या रकमेवर नाही तर पूर्ण रकमेवर. देणारा स्वतःच्या नावाने धंदा करत असेल आणि आदल्या वर्षीची उलाढाल एक कोटीच्या आत असेल, तर तो यातून सुटतो. २०२५ च्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले, गाभा तोच राहिला.

डीलरच्या सहलीचा खर्च ६०,००० झाला, तर ६,००० कापायचे कशातून? रोख तर काही दिलेलीच नाही. दोन वाटा आहेत. डीलरने स्वतः तेवढा आगाऊ कर भरून चलन द्यायचं, किंवा कंपनीने भरायचा. कंपनीने भरला, तर तो करही लाभच, म्हणून लाभ धरायचा ६६,६६७ आणि कर ६,६६७. नव्या मालाची माहिती देण्यासाठी भरवलेली डीलर परिषद यात येत नाही. पण त्याच परिषदेत डीलरच्या कुटुंबाचा खर्च किंवा मौजेचे जादा दिवस आले, की तेवढा भाग लाभ ठरतो. परिषदेच्या आधीचा आणि नंतरचा दिवस मुक्कामासाठी चालतो.

सल्लागारांनी तर तिकिटावरचं नाव नीट बघावं. नागपूरचा सल्लागार पुण्याच्या कंपनीसाठी आला, विमानाचं तिकीट स्वतःच्या नावाने काढलं आणि पैसे कंपनीकडून परत घेतले, तर ती भरपाईसुद्धा लाभ ठरू शकते. खिशातून गेलेला पैसा परत मिळण्याला लाभ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. कर मंडळाने सप्टेंबर २०२२ च्या परिपत्रकात थोडी सवलत दिली. हा खर्च सल्लागाराच्या फीच्या बिलातच दाखवून पूर्ण रकमेवर नेहमीचा टीडीएस कापला असेल, तर १९४आर पुन्हा लागत नाही. तिकिटाचं आणि हॉटेलचं बिल थेट कंपनीच्या नावाने घेतलं, तर हा प्रश्नच उद्भवत नाही. त्यामुळे तारीख ठरताना ‘बुकिंग तुम्हीच करा’ असं कंपनीला फोनवर सांगायला संकोच करू नये.