चारही चाकं एकाच वेळी थांबली पाहिजेत

मध्य प्रदेशात इंदूरजवळ पिथमपूरला नॅट्रॅक्स हे वाहनांच्या चाचणीचं मोठं केंद्र आहे. ‘बाहा एसएई इंडिया’ या स्पर्धेसाठी देशभरातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांचे संघ तिथे आपापली गाडी घेऊन येतात. गाडी एका माणसाची, खाचखळग्यांतून धावणारी, आणि विद्यार्थ्यांनी स्वतः आखून, पाइप कापून, वेल्डिंग करून उभी केलेली. शर्यत राहिली दूर, आधी तपासणी पार पडावी लागते. तिच्यातली एक परीक्षा ब्रेकची. गाडी वेगात आणायची, ब्रेक दाबायचा आणि चारही चाकं एकदम जाम झाली पाहिजेत. तीन थांबली आणि चौथं फिरत राहिलं तर गाडी मागे. मग मुलं गाडीखाली शिरतात. त्या चाकाच्या नळीत हवा राहिली आहे का, पिस्टन अडकतोय का, पुढच्या आणि मागच्या ब्रेकमध्ये जोर नीट वाटला गेलाय का, हे शोधतात. हवा काढतात, ऑइल भरतात आणि पुन्हा रांगेत उभी राहतात. ‘सर, रीत बरोबर आहे, उत्तर तेवढं चुकलं’ असं म्हणून इथे स्टेपचे मार्क मिळत नाहीत.

विद्यापीठाच्या परीक्षेत चाळीस टक्के पेपर जमला की विषय सुटतो. ब्रेकच्या चाचणीत तीन चाकं, म्हणजे पंचाहत्तर टक्के, नापास. पुढे आयुष्यभर इंजिनिअरला या दुसऱ्याच मापाने मोजलं जाणार असतं. बॉयलरचा व्हॉल्व्ह चाळीस टक्के वेळा उघडून चालत नाही, लिफ्टचा ब्रेक बहुतेक वेळा लागून चालत नाही. आपलं शिक्षण मात्र चार वर्षं पहिल्या मापाची सवय लावतं आणि पदवीच्या दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मापाची अपेक्षा धरतं. विद्यार्थ्यांच्या डिझाइन स्पर्धा ही मधली दरी भरून काढण्याचं आज हाताशी असलेलं सगळ्यात चांगलं साधन आहे, असं मला वाटतं. त्यांची खरी कमाई चषक किंवा पेपरातला फोटो नाही. आपण केलेल्या वस्तूने सगळ्यांसमोर चालावं लागतं आणि नाही चालली तर त्याचं उत्तर आपणच द्यावं लागतं, हा अनुभव विशीच्या आत मिळणं, ही ती कमाई.

आपल्या सोलापूरसाठी या दरीचा प्रश्न वरवरचा नाही. १९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना महाराष्ट्रात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना वाट मोकळी झाली आणि त्याच वर्षी सोलापुरात वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी सुरू झालं. १९९८ मध्ये पंढरपूरजवळ गोपाळपूरला ‘स्वेरी’ या संस्थेचं कॉलेज आलं, पुढे ऑर्किड, सिंहगड आणि आणखी कॉलेजं आली. पूर्वी इंजिनिअर व्हायला पुणे-सांगली गाठावं लागे, ते शिक्षण जिल्ह्यात आलं, ही मोठी गोष्ट झाली. पण शिकून झाल्यावर हुतात्मा एक्स्प्रेसने पुणं गाठायचं, हा क्रम काही बदलला नाही. आणि पुण्यात, हैदराबादेत किंवा बेंगळुरूत मुलाखतीला बसल्यावर विचारतात ते हेच, की तू स्वतः काय बनवलंस? ‘अॅस्पायरिंग माइंड्स’ या संस्थेने २०१९ साली देशातल्या इंजिनिअरांच्या रोजगारक्षमतेवर अहवाल दिला. सुमारे ८० टक्के पदवीधर ज्ञानाधारित क्षेत्रातल्या नोकरीला पुरेसे तयार नाहीत, हा त्यातला आकडा खूप गाजला. त्याच अहवालातल्या दुसऱ्या आकड्याकडे फारसं कोणी पाहिलं नाही: अभ्यासक्रमाबाहेर जाऊन एखादा प्रकल्प केलेले विद्यार्थी होते जेमतेम ३६ टक्के. माझ्या मते पहिल्या आकड्याचं बरंचसं कारण या दुसऱ्यात दडलेलं आहे.

अशा स्पर्धेत नेमकं काय करावं लागतं ते जरा बारकाईने पाहू. ‘बाहा’ मूळची अमेरिकेतली. तिथे १९७६ मध्ये सुरू झाली, भारतात २००७ मध्ये आली. पेट्रोल गाडीच्या गटात सगळ्या संघांना एकाच बनावटीचं, दहा अश्वशक्तीचं इंजिन वापरावं लागतं आणि त्यात फेरफार करायला बंदी असते. म्हणजे जास्त ताकदीचं इंजिन विकत आणून कोणी पुढे जाऊ शकत नाही. जे काही मिळवायचं ते वजन कमी करून, गिअरचं गणित नेमकं बसवून, सस्पेन्शन सुधारून. चालकाभोवतीचा पाइपांचा पिंजरा गाडी उलटली तरी त्याला जपेल असा हवा आणि चालकाला पाच सेकंदांत बाहेर पडता आलं पाहिजे. शेवटी चार तासांची सहनशक्तीची शर्यत असते, आणि तिच्यात गाड्या खऱ्या अर्थाने उघड्या पडतात. पण मला सर्वांत मोलाचा वाटतो तो भाग मैदानावरचा नाही, टेबलावरचा आहे. संघाला खर्चाचा तपशीलवार अहवाल द्यावा लागतो, नट-बोल्टापर्यंत. उद्योगातून आलेले परीक्षक विचारतात, हाच पाइप का? ही जाडी का? स्वस्त धातू का नाही चालला? ‘सीनिअर मुलांनी तसंच केलं होतं’ हे उत्तर तिथे गुण खातं. शिवाय ही गाडी बाजारात आणायची झाली तर ती कशी विकाल, हेही पटवून द्यावं लागतं. भारत २०१४ मध्ये ‘वॉशिंग्टन करारा’चा पूर्ण सदस्य झाला. त्या चौकटीत पदवीधराच्या अंगी जे गुण अपेक्षित आहेत त्यांत गणित-विज्ञानाबरोबर सांघिक काम, संवाद आणि प्रकल्पाचा पैसा सांभाळणं हेही येतं. वर्गात फळ्यावर हे शिकवायचं कसं, हा प्रत्येक कॉलेजपुढचा पेच आहे. या टेबलापुढे बसलेली मुलं ते शिकूनच उठतात. वाहन कंपन्या या स्पर्धेच्या निमित्ताने नोकरभरतीचे मेळावे घेतात ते काही उपकार म्हणून नव्हे.

यावर पहिला आक्षेप जाणकारांचा असतो आणि तो कच्चा नाही. स्पर्धेत उतरणारी मुलं मुळातच धडपडी असतात. स्पर्धा नसती तरी ती पुढे गेलीच असती, मग श्रेय स्पर्धेला कसं? हे मान्य करायला हवं. स्पर्धेत होती म्हणून नोकरी लागली, असं नुसत्या नावांच्या यादीवरून सिद्ध होत नाही. पण यातून निष्कर्ष काय काढायचा? धडपड हा जन्मजात गुण मानून ती ठरावीक मुलांवर सोडून द्यायची, की ज्याला आपल्यात ती आहे हे ठाऊकच नाही त्यालाही संधी द्यायची? करमाळ्याच्या किंवा मंगळवेढ्याच्या एखाद्या गावातून आलेली मुलगी पहिल्या वर्षी वर्कशॉपात फायलिंगचा जॉब करते आणि पुन्हा कधी हत्याराला हात लावत नाही. ती धडपडी नाही असं नव्हे, तिला कोणी बोलावलेलंच नसतं. ‘स्मार्ट इंडिया हॅकेथॉन’ २०१७ पासून भरते, तिच्यात सहा जणांच्या संघात किमान एक मुलगी असलीच पाहिजे असा नियम आहे. सुरुवातीला तो नावापुरता पाळला जात असेलही, पण दार उघडायला नियमच लागतो. हा आक्षेप स्पर्धांच्या विरोधात जात नाही. स्पर्धा निवडक मुलांपुरत्या ठेवण्याच्या विरोधात जातो.

दुसरा आक्षेप पैशाचा. एक गाडी उभी करायची, ट्रकने पिथमपूरला न्यायची, पंचवीसेक मुलांचा प्रवास आणि राहणं धरलं तर हिशेब लाखांत जातो. ज्या कॉलेजात फी वेळेवर जमा होत नाही, शिष्यवृत्तीची रक्कम अडकून पडते, तिथल्या मुलांनी हे कुठून आणायचं? आक्षेप खरा आहे, आणि प्रत्येक कॉलेजाने गाडीच बनवली पाहिजे असं मी म्हणणार नाही. तिसरी तक्रार पालकांची: मुलगा रात्ररात्र वर्कशॉपात असतो, हजेरी कमी पडते, विषय राहतात. चार महिने एकाच गोष्टीमागे लागल्यावर हे व्हायचंच. त्यावर उपाय मुलाला ओढून घरी आणणं हा नाही. अंतिम वर्षाच्या प्रकल्पाचे गुण तसेही असतात. ते स्पर्धेतल्या कामाला जोडले तर एकाच श्रमाचे दोन हिशेब लागणार नाहीत. आज त्या प्रकल्पांचं काय होतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. ‘तयार प्रोजेक्ट मिळतील’ अशा पाट्या शहरोशहरी आहेत. विकत आणलेला प्रकल्प तोंडी परीक्षेत दहा मिनिटं टिकतो. चार तासांच्या शर्यतीत तो टिकणार नाही. राहिली आयटीची गोष्ट. मेकॅनिकलची निम्मी मुलं शेवटी संगणकावरच बसणार, मग वेल्डिंग कशाला, असं विचारतात. संगणकावर बसणाऱ्यालाही मुदत पाळावी लागते, दुसऱ्याने लिहिलेला भाग आपल्या भागाशी जुळवावा लागतो आणि चूक कुणाची यावर भांडत न बसता ती शोधावी लागते. ब्रेकमधली हवा शोधणाऱ्याला हे नव्याने शिकवावं लागत नाही.

माझी स्वतःची तक्रार वेगळीच आहे. या स्पर्धा सोलापूरच्या मुलाला उत्तम तयार करतात, पण सोलापूरबाहेर जाण्यासाठी. प्रश्न बाहेरून येतो, मैदान बाहेर असतं, परीक्षक बाहेरचे, म्हणून उत्तर शोधणाराही बाहेरचाच होऊन जातो. आणि इकडे जिल्ह्यात न सुटलेले प्रश्न काय थोडे आहेत? एकच उदाहरण घ्या. मालदांडी ज्वारीची ख्याती ज्या मोहोळच्या संशोधन केंद्रातून पसरली ते याच जिल्ह्यातलं, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही आहे. पण काढणीला माणूस मिळत नाही म्हणून शेतकरी ज्वारी सोडून उसाकडे वळतो. कम्बाइन हार्वेस्टर का चालत नाही? कारण तो दाणा काढतो आणि कडब्याची नासाडी करतो, आणि या भागात कडबा हा दाण्याइतकाच जपायचा माल आहे. ताट उंच, माणसाच्या डोक्यावर जाणारं, माघ-फाल्गुनात जमीन भेगाळलेली, वाफे लहान. अशा रानात ताट बुडाशी कापेल, न मोडता एका दिशेला आडवं टाकेल, छोट्या ट्रॅक्टरला जोडता येईल आणि चार शेतकऱ्यांनी मिळून घेण्याजोग्या किमतीत बसेल असं यंत्र बनवा. हा प्रश्न पिथमपूरच्या मैदानापेक्षा सोपा नाही. त्याची चाचणी मात्र बसभाड्याच्या अंतरावर होऊ शकते, आणि परीक्षक म्हणून ज्याने ज्वारी उपटून हात सोलून घेतले आहेत असा शेतकरी मिळतो. पैशाच्या आक्षेपालाही याहून चांगलं उत्तर मला सुचत नाही.

हे स्वप्नरंजन नाही, महाराष्ट्रातच तसं झालेलं आहे. २००३ च्या नाशिक कुंभमेळ्यात चेंगराचेंगरीत ३९ माणसं गेली. पुढच्या कुंभमेळ्याआधी, २०१४ पासून, नाशिकमध्ये ‘कुंभथॉन’ भरली. मूळचे नाशिकचे आणि अमेरिकेत एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये काम करणारे रमेश रासकर यांचा त्यात पुढाकार होता. तिथे एका शाळकरी वयाच्या मुलाच्या संघाने पायाखालच्या चटईवरून जाणारी माणसं मोजणारं उपकरण तयार केलं, ‘आशिओतो’ नावाचं, आणि २०१५ च्या कुंभमेळ्यात ते प्रत्यक्ष वापरलं गेलं. आता नजर पंढरपूरकडे वळवा. आषाढीला लाखो माणसं चंद्रभागेच्या वाळवंटात आणि दर्शनबारीत उभी असतात, आणि गोपाळपूरचं इंजिनिअरिंग कॉलेज तिथून हाकेच्या अंतरावर आहे. राज्यातल्या विद्यापीठांचा ‘आविष्कार’ महोत्सव आहे, सोलापूरच्या अहिल्यादेवी होळकर विद्यापीठाची मुलं त्यात उतरतात, आणि त्याने संशोधनाची गोडी लावली हे मान्य केलंच पाहिजे. पण प्रदर्शनातलं मॉडेल टेबलावर उभं राहिलं की त्याचं काम झालं. वारीत ते भिजलं पाहिजे, तुडवलं गेलं पाहिजे आणि तरी चाललं पाहिजे.

उद्योगांनाही इथे काम आहे. सोलापुरात १९९२ साली सुरू झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी परदेशी मोटार कंपन्यांना कॅमशाफ्ट पुरवते. केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी बारीक मापात धातू घासण्याचं ज्ञान आपल्याच एमआयडीसीत आहे. आणि प्रश्न शोधायलाही लांब जायला नको. टॉवेल विणणाऱ्या यंत्रमागाला दोन बीम लागतात, एक ताठ आणि एक सैल, कारण सैल ताण्यातूनच टॉवेलचे फासे उभे राहतात. तो ताण हळूहळू बिघडला की माल दुय्यम ठरतो, आणि हे माग चालवणाऱ्याच्या नजरेवरच अवलंबून असतं. एवढा एक प्रश्न यंत्रमागधारकांनी लिहून चार कॉलेजांना दिला, एक जुना माग चाचणीसाठी मोकळा ठेवला आणि वर्षाअखेरीस त्याच मागावर निकाल लावला, तरी स्पर्धा उभी राहते. मोठं सभागृह लागत नाही, पाहुणे लागत नाहीत.

आणि पालकांना एक विनंती. प्रवेशाच्या दिवसांत कॉलेज पाहायला जाल तेव्हा प्लेसमेंटचा फलक जरूर वाचा, पण तेवढ्यावर परत फिरू नका. मागच्या बाजूला वर्कशॉप असतं, तिथे जा. यंत्रांवर धूळ आहे की ऑइलचे ताजे डाग आहेत ते पाहा. मुलांनी बनवलेलं, मोडलेलं, अर्धवट उघडलेलं काहीतरी कोपऱ्यात पडलंय का ते पाहा. आणि विचारा, की संध्याकाळी पाचनंतर हे वर्कशॉप उघडं असतं का, आणि मुलींसाठीही उघडं असतं का.