छातीतला कारकून

बँकेत असताना एक गोष्ट नेहमी पाहिली. इन्स्पेक्टर यायचे त्या दिवशी कॅश पै न् पै जुळायची. घोळ व्हायचे ते त्यांची पाठ वळल्यावर. माझ्या हृदयाने नेमके हेच केले.

दोन वर्षांत तीनदा मी कोसळलो. एकदा न्हाणीघरात, एकदा भाजी मंडईत आणि तिसऱ्यांदा नातवाचा हात धरून जिना उतरताना. त्याला काही लागले नाही, पण त्यानंतर सूनबाईंनी त्याला माझ्याबरोबर पाठवणे बंद केले. कुणी बोलून दाखवले नाही. तेच जास्त लागले. ईसीजी नॉर्मल, चोवीस तासांचा होल्टरही नॉर्मल. एका डॉक्टरांनी तर 'लेखक ना तुम्ही, मनाला लावून घेता' म्हणून झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या.

हा होल्टर म्हणजे अमेरिकेतल्या मोंटानाचे नॉर्मन होल्टर. १९४०च्या दशकात त्यांनी हिंडत्याफिरत्या माणसाच्या ठोक्यांची नोंद घेणारे यंत्र केले, ते पाठीवर वाहावे लागे. वजन सुमारे ३८ किलो! माझ्या छातीत कातडीखाली सरकवलेला लूप रेकॉर्डर जेमतेम अडीच ग्रॅमचा. जागा बधिर केली, सेंटिमीटरभर चीर दिली, काही मिनिटांत काम झाले. जुने पुसत तो नवे लिहीत राहतो. ठोके थांबले किंवा बिघडले की तेवढी नोंद जपतो आणि उशाशी ठेवलेल्या यंत्रातून रात्री ती दवाखान्याला कळवतो. बॅटरी तीनेक वर्षे चालते. उपचार मात्र काही करत नाही. नुसता कारकून.

सातव्या महिन्यात वाचनालयात डोळ्यांपुढे अंधारी आली. खुर्चीत होतो म्हणून वाचलो. दुसऱ्या दिवशी फोन: काल दुपारी ४ वाजून १२ मिनिटांनी तुमचे हृदय सात सेकंद थांबले होते. सौ. मटकन खाली बसली. मला मात्र, खरे सांगतो, हायसे वाटले. न जुळणारी रक्कम अखेर सापडली होती.

पेसमेकर बसला. आता नोंदीही तोच ठेवतो, म्हणून रेकॉर्डर काढला. सोसायटीतले मित्र विचारतात, 'आम्हीही बसवून घेऊ का?' त्यांना मी डेन्मार्कची गोष्ट सांगतो. तिथे पक्षाघाताचा धोका असलेल्या, सत्तरी गाठलेल्या सहा हजार जणांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. रेकॉर्डर लावलेल्यांत अनियमित ठोके तिपटीने अधिक सापडले, गोळ्या वाढल्या. पण पक्षाघात ठामपणे म्हणावे इतके घटले नाहीत. पडणाऱ्याचे कारण शोधणे वेगळे आणि धडधाकटाच्या छातीत पहारा बसवणे वेगळे.

परवा सकाळी सूनबाई स्वयंपाकघरातूनच म्हणाल्या, 'बाबा, याला शाळेच्या बसपर्यंत सोडता?'

मी चपला शोधू लागलो.