परवानगी आहे, पण…

घर, प्लॉट आणि शहर : लेखांक ६

‘एका प्लॉटवर एकच घर’ या अमेरिकी नियमापाशी आपण गेल्या आठवड्यात थांबलो होतो. कॅलिफोर्नियात या नियमाला राज्याच्या कायद्यानेच खिंडार पाडलं. त्या खिंडाराचं नाव एडीयू, म्हणजे अ‍ॅक्सेसरी ड्वेलिंग युनिट. परसात नव्याने बांधलेलं, गॅरेजचं रूप पालटून केलेलं किंवा मूळ घरातूनच वेगळं काढलेलं छोटं घर. दार, स्वयंपाकघर, न्हाणीघर सगळं स्वतंत्र. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना, आईवडील सहा महिन्यांसाठी राहायला आले की, अशा जागेची किंमत नेमकी कळते.

खिंडार पाडणारा पहिला कायदा १९८२ चा. मग इतकी वर्षं अशी घरं का उभी राहिली नाहीत? कारण परवानगी देण्याचं काम शहरांकडे होतं, आणि शहरांना ती द्यायची नव्हती. अर्ज आला की जाहीर सुनावणी व्हायची. शेजारी येऊन गर्दीची, गाड्यांची, ‘परिसराच्या स्वरूपाची’ तक्रार करायचे आणि अर्ज तिथेच बारगळायचा. २००२ च्या दुरुस्तीने सुनावणी काढून टाकली. नियमांत बसत असेल तर अधिकाऱ्याने सही करायची, संपलं.

मग शहरांनी नियमच असे केले की कुणी त्यांत बसू नये.

हा भाग मला सगळ्यात बोधप्रद वाटतो. कुठे प्लॉट अमुक इतका मोठा हवा. कुठे साइड मार्जिन एवढं सोडायचं की मध्ये उरते ती फक्त पायवाट. कुठे पाणी आणि ड्रेनेजच्या जोडणीचं शुल्क नव्या बंगल्याएवढं. कुठे मालकाने त्याच प्लॉटवर राहिलंच पाहिजे. पण खरा हुकमी पत्ता पार्किंगचा. नव्या घरासाठी गाडीची जागा दाखवा, आणि गॅरेजचं घर करत असाल तर गॅरेजात जी गाडी उभी राहिली असती तिच्यासाठीही छपराखालची जागा दाखवा. त्या गॅरेजात वर्षानुवर्षं जुनी खोकी आणि पोरांच्या सायकलीच असल्या तरी! एवढी मोकळी जागा असणारा माणूस गॅरेजात भाडेकरू कशाला ठेवेल? कुणी ‘नाही’ म्हटलं नाही, कुणाला ‘हो’ मिळालं नाही.

शेवटी राज्याने शहरांच्या हातातले पत्ते एकेक करून काढून घेतले. २०१६ मध्ये मंजूर झालेले कायदे २०१७ च्या जानेवारीत लागू झाले आणि सार्वजनिक वाहतुकीपासून अर्ध्या मैलाच्या आतल्या घरांची पार्किंगची अट गेली. लॉस एंजेलिस शहरात २०१६ मध्ये शंभरच्या आसपास असलेले अर्ज पुढच्याच वर्षी दोन हजारांच्या घरात गेले. मागणी होतीच, ती अटींखाली दबली होती. २०२० पासून तर ८०० चौरस फुटांपर्यंतच्या युनिटला बाजूला आणि मागे चार फूट सोडले तर शहर एफएसआयचं कारण सांगून अडवू शकत नाही. ७५० चौरस फुटांहून लहान युनिटला विकास शुल्क नाही. शहराने ६० दिवसांत निर्णय दिला नाही तर अर्ज मंजूर झाला असं धरायचं. आपल्या नगररचना विभागात फाइल घेऊन फिरलेल्या माणसाने हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचावं.

अडवणं थांबवणं वेगळं आणि उत्तेजन देणं वेगळं. दुसऱ्या बाबतीत शेजारच्या ऑरेगनमधलं पोर्टलंड आधी शहाणं झालं. त्या शहराने २०१० मध्येच अशा घरांवरचं विकास शुल्क माफ केलं. २०१८ मध्ये माफी कायम केली, पण ती घेणाऱ्याने दहा वर्षं ते घर पर्यटकांना रोजच्या भाड्याने द्यायचं नाही, अशी अट घालून. सवलतीच्या बदल्यात घातलेली ही अट मला रास्त वाटते. सॅन होजे आणि लॉस एंजेलिसने आधीच तपासून ठेवलेले नकाशे उपलब्ध केले. त्यातला निवडला की नकाशा मंजुरीचा बराच वेळ वाचतो.

तरी बांधकामाला पैसे लागतात. एक-दीड लाख डॉलर सहज जातात, स्वतंत्र घर असेल तर त्याहून कितीतरी जास्त, आणि परसातल्या खोलीवर कर्ज द्यायला बँका फारशा उत्सुक नसतात. म्हणून या धोरणाचा फायदा आधी त्यांना झाला ज्यांच्याकडे घर होतं आणि हाताशी पैसाही. बाकीच्यांनी काय केलं? जे आधीपासून करत होते तेच: विनापरवाना बांधलं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतले प्राध्यापक विनीत मुखिजा यांनी या लपलेल्या घरांचा बारकाईने अभ्यास केला आहे. ‘एकच घर’ पाळणारी उपनगरं प्रत्यक्षात तशी उरलेलीच नाहीत, हे त्यांच्या लेखनातून दिसतं. अशा घरांसाठी २०२४ मध्ये राज्याने आणखी एक कायदा केला. २०२० पूर्वी बांधलेलं युनिट राहणाऱ्याच्या जिवाला किंवा आरोग्याला धोकादायक नसेल, तर निव्वळ नियमभंगाचं कारण देऊन शहराने परवाना नाकारायचा नाही.

गुंठेवारी नियमित होताना पाहिलेल्या महाराष्ट्राला हा मार्ग ओळखीचा आहे. आपल्याकडे तो कायदा २००१ चा, आणि २०२१ च्या दुरुस्तीने मुदत २०२० च्या अखेरपर्यंत पुढे आली. त्या दोन्हींची तुलना पुढच्या आठवड्यात.