कानाचं पहिलं वर्ष

जुन्या हिंदी सिनेमातला गोरा साहेब ‘तुम’ला हमखास ‘टुम’ म्हणतो आणि प्रेक्षक हसतात. साहेबाची जीभ जड, असा आपला समज. पण खरी गोम जिभेइतकीच कानात आहे. इंग्रजीतला ‘टी’ उच्चारताना जिभेचं टोक वरच्या दातांमागे हिरडीला टेकतं. आपला ‘त’ त्याच्या पुढे, थेट दातांवर. ‘ट’ त्याच्या मागे, जीभ वर वळवून. इंग्रजीचं एकाच जागेवर भागतं. त्यामुळे त्या भाषेत वाढलेल्या बहुतेक माणसांना ‘ता’ आणि ‘टा’ पाठोपाठ ऐकवले तरी दोन्ही सारखेच वाटतात. ‘ताक’ आणि ‘टाक’ यांतला फरक कुणाला ऐकूच येत नसेल, हे आपल्याला पटता पटत नाही.

मग आपला हा कान जन्मजात, की घरातलं बोलणं ऐकून घडलेला?

कॅनडातल्या जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या मानसशास्त्रज्ञांनी हा प्रश्न थेट तान्ह्या बाळांनाच विचारला. बाळाला बोलता येत नाही, पण मान वळवता येते. बाळ आईच्या मांडीवर बसलेलं. स्पीकरमधून एकच ध्वनी पुन्हा पुन्हा येतो: ता, ता, ता. मध्येच तो ‘टा’ होतो. त्या क्षणी बाळानं स्पीकरकडे मान वळवली, की काळसर काचेआडचं खेळण्यातलं जनावर उजळतं आणि हालचाल करू लागतं. बदल झाल्यावर गंमत दिसते, हे बाळाला लवकरच कळतं. आईच्या कानांवर हेडफोन, त्यात संगीत. नाहीतर तीच नकळत बाळाला इशारा द्यायची.

१९८४ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा: इंग्रजी घरांतली सहा ते आठ महिन्यांची बहुतेक बाळं हिंदीतल्या ‘ता-टा’मधला फरक बरोबर ओळखत होती. म्हणजे आईवडिलांना जो फरक ऐकू येत नव्हता, तो मांडीवरच्या बाळाला येत होता! दहा ते बारा महिन्यांच्या बाळांमध्ये मात्र तो ओळखणारं क्वचितच. कॅनडातल्याच मूलनिवासींच्या एका भाषेतले, घशाजवळ उच्चारले जाणारे दोन ध्वनी घेतले, तिथेही तेच. हिंदी घरांतल्या वर्षाच्या आतबाहेरच्या बाळांना ‘ता-टा’ ओळखायला काहीच अडचण नव्हती.

थोडक्यात, बाळ जन्मतं ते लागेल त्याहून जास्त ऐकण्याची तयारी घेऊन. घरात जी भाषा चालते तिच्या कामाचे फरक ते ठेवतं, बाकीच्यांकडे दुर्लक्ष करायला शिकतं. याला काही जण ‘क्षमता गमावणं’ म्हणतात, ते मला पटत नाही. ज्या फरकानं शब्दाचा अर्थ बदलत नाही तो सोडून देणं, हीच भाषा शिकण्याची सुरुवात आहे. शिवाय दार पुरतं बंद होत नाही. पहिल्या एकदोन वर्षांत हिंदी कानावर पडलेल्या इंग्रजीभाषक तरुणांना हा फरक पुढे इतरांपेक्षा सहज पकडता आला, असंही या दोघांना आढळलं. न्यू जर्सीतल्या नातवंडांशी फोनवर मराठीत बोलणाऱ्या आजींनी हे लक्षात ठेवावं.

फोनचा विषय निघालाच आहे, तर सिअ‍ॅटलमधला पॅट्रिशिया कूल यांचा २००३चा प्रयोगही पाहू. नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांशी चिनी बोलणाऱ्या व्यक्ती खेळल्या, त्यांनी पुस्तकं वाचून दाखवली. अशी बारा सत्रं, प्रत्येक पंचवीस मिनिटांचं. ही बाळं चिनी ध्वनींमधला अवघड फरक तैवानमधल्या बाळांइतकाच ओळखू लागली. दुसऱ्या गटाला त्याच व्यक्ती, तीच पुस्तकं, तोच वेळ, पण पडद्यावर. शिकणं शून्य. नुसता आवाज ऐकवला, तरी शून्य. नजरेला नजर देणारं, हातातलं खेळणं दाखवणारं माणूस समोर असावं लागतं. घास भरवताना हातात मोबाइल देणाऱ्यांनी यावरून काय तो बोध घ्यावा. फोनवर बोलायचंच, तर आजीनं नातवाला निदान प्रतिसाद देत, त्याच्या हुंकाराची वाट पाहत बोलावं.

इथपर्यंत संगोपनाचं पारडं जड दिसतं. त्यात भर म्हणजे, ध्वनींमधले फरक ओळखणं ही काही माणसाचीच मिरास नाही. चिंचिला नावाच्या उंदराच्या जातकुळीतल्या प्राण्यालाही ‘दा’ आणि ‘ता’ वेगळे ओळखायला शिकवता येतं. ते कूल यांनीच १९७५ साली दाखवलं होतं. पण चिंचिला गोष्ट सांगत नाही. मग माणसाचं खास ते काय?

त्यासाठी निकाराग्वाला जावं लागतं. १९७७पूर्वी तिथली कर्णबधिर मुलं आपापल्या घरी, घरच्या खाणाखुणांवर जगत होती. राजधानी मानाग्वात विशेष शाळा निघाली आणि १९७९च्या क्रांतीनंतर तिचा पसारा वाढला. शिक्षक ओठ वाचायला लावून स्पॅनिश शिकवायला बघत होते. ते फारसं साधलं नाही. पण मधल्या सुट्टीत, बसमध्ये मुलं हातांनी बोलू लागली आणि दरवर्षी येणारी लहानगी ते उचलून अधिक काटेकोर करू लागली. बोलिंग बॉल गिळलेलं मांजर उतारावरून गडगडत जातं, असं कार्टून अ‍ॅन सेंघास आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या पिढ्यांना दाखवून सांगायला लावलं. ऐकू येणारे स्पॅनिशभाषक हात गोल फिरवतच खाली नेत. पहिल्या तुकडीतले कर्णबधिरही बहुधा तसंच करत. नंतरच्या तुकड्यांनी त्या एका हावभावाचे दोन भाग केले: आधी ‘गडगडणं’, मग ‘खाली’. सुटे शब्द आणि त्यांचा क्रम! हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं.

पण घरी एकट्या पडलेल्या मुलाच्या खुणा कधी अशी भाषा झाल्या नव्हत्या. सोबती मिळाले तेव्हाच हे घडलं, आणि लहान वयात शाळेत आलेल्यांची भाषा मोठेपणी आलेल्यांपेक्षा सफाईदार निघाली. ‘जन्मजात की संस्कार’ हा वाद दोन पैलवानांच्या कुस्तीसारखा रंगवला जातो. निकाराग्वाची मुलं पाहिल्यावर मला तो खोटा वाटतो. क्षमता जन्मतः येते, पण तिला माणसं लागतात आणि ती वेळेवर लागतात.

म्हणून बाळाची श्रवण चाचणी लांबवू नका. पहिल्या महिन्यात तपासणी, तीन महिन्यांपर्यंत निदान, सहा महिन्यांपर्यंत उपाय, असा जगभरातला दंडक आहे. कानात बारीक तपासणीयंत्र ठेवून, बाळ झोपेत असताना काही मिनिटांत ही चाचणी होते, दुखत नाही. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था वाचा आणि श्रवण यांच्याच कामासाठी आहे. ऐकू कमी येतं असं निघालं, तर श्रवणयंत्र असो वा खुणांची भाषा, मुलाला पहिल्या वर्षापासून एक भाषा पूर्ण मिळायला हवी. ‘याचे वडीलही उशिराच बोलले होते’ असं म्हणत वाट पाहत बसू नका.